चौघांत एक माईक

माईक भाड्याने देणाऱ्याकडे लोक बघतात ते माईक बंद पडला तरच. कार्यक्रम नीट झाला तर निवेदक सगळ्यांचे आभार मानतो, हारवाल्याचे मानतो, चहावाल्याचे मानतो, आणि आमचे मानायचे विसरतो, तेही आमच्याच माईकवरून. मला त्याचं काही वाटत नाही. आपल्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही म्हणजे काम बरं झालं, असा हा धंदा आहे.

नवरा गेला तेव्हा घरात दोन भोंगे, एक ॲम्प्लिफायर आणि शाळेत जाणारा मुलगा होता. मी चौथी शिकलेली. भोंगे विकून शिवणयंत्र घ्या, असं दीर म्हणाले. मला शिवणाचा कंटाळा आहे. मी भोंगे ठेवले. तेव्हापासून पंचवटीतल्या आमच्या गाळ्यातून लग्नं, साखरपुडे, दहावे, शाळांची गॅदरिंग, निवडणुकीच्या सभा, सगळ्यांना माईक गेले. मुलगा मोठा होऊन सातपूरला कंपनीत लागला. त्याला वायरींचा तिटकारा. धंदा आता सून बघते, मनीषा. टेम्पोही तीच चालवते. मी मिक्सरपाशी, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पेटीपाशी, खुर्ची टाकून बसते.

या धंद्यातलं शिकण्यासारखं थोडंच आहे. माईकला अक्कल नसते. जे जवळ असेल ते तो मोठं करतो, मग ते गाणं असो की बाजूच्याचं खोकणं. स्पीकरचं तोंड माईककडे केलं तर तो स्वतःचाच आवाज ऐकतो आणि किंचाळतो. एवढं सांभाळलं की झालं. बाकी सगळा त्रास माणसांचा. हातात माईक आला की माणूस तो सोडत नाही. एका दहाव्याला प्रवचन करणारे बुवा इतके रंगले की कावळा येऊन, घास घेऊन गेला आणि कुणाला दिसलंही नाही. मग घरचे तासभर कावळ्याची वाट बघत बसले. एका लग्नात नवरीचे मामा गायला लागले. थांबेनात. मुलाकडच्यांनी मला खूण केली. मी त्यांचा आवाज थोडा थोडा करत खाली आणला. मामांना वाटलं आपला घसा बसतोय. त्यांनी पाणी मागितलं, पाणी पिऊन पुन्हा सुरू केलं. प्रत्येकाला माईक हवा असतो आणि एकट्याला हवा असतो, हे मी माणसांबद्दल शिकले. त्यामुळे 'गवती चहा'वाले पहिल्यांदा गाळ्यावर आले तेव्हा मी गोंधळले, आणि खरं सांगायचं तर अजून गोंधळलेलीच आहे. त्या चौघांपैकी एकाने बँडमध्ये राहायचं की जायचं, हे एका संध्याकाळी माझ्या हातात आलं. मी जे केलं ते का केलं, ते मला अजून उमगलेलं नाही. लिहिता लिहिता उमगेल म्हणून बसले आहे.

"आम्हाला एक माईक पाहिजे," त्यांच्यातले खैरनार म्हणाले.

"भाषण आहे का?"

"बँड आहे."

"किती जण?"

"चार."

"मग चार माईक लागतील."

"नको. एकच. मधोमध उभा करा आणि मग हात लावू नका."

मनीषा माझ्याकडे बघायला लागली. मी विचारलं, "हात लावू नका म्हणजे मी काय करायचं?"

"तुम्ही खुर्चीवर बसा मावशी. ऐका."

इतक्या वर्षांत मला कुणी 'ऐका' म्हणून सांगितलं नव्हतं. मला ते आवडलंही नाही.

आता हा बँड म्हणजे काय ते सांगते, मला जेवढं कळलं तेवढं. अमेरिकेत डोंगरातल्या खेड्यांत एक गाणं असतं. ढोल नाही, ताशा नाही, पेटी नाही. नुसती तारांची वाद्यं आणि वरच्या पट्टीत रडल्यासारखं गाणं. त्या प्रकाराच्या इंग्रजी नावात गवत आहे म्हणे, म्हणून यांनी आपल्या बँडचं नाव ठेवलं गवती चहा. गाणी मात्र यांची स्वतःची, मराठीत, आणि विषय असे की ऐकणाऱ्याला कळत नाही हसायचं की काय करायचं.

यातले अहिरे म्हणजे सातपूरच्या एका कारखान्यात प्रेस शॉपला आयुष्य काढलेला माणूस. प्रेस शॉपमध्ये पत्रा दाबून भाग पाडतात. तिथे बाहेरच्या रस्त्यावर उभं राहिलं तरी पायाखाली धक्के लागतात. त्यांच्या कंपनीत मशीन बसवायला एक परदेशी इंजिनिअर आला होता आणि अहिरे त्याच्या हाताखाली होते. तो संध्याकाळी बँजो वाजवायचा. आपल्या मिरवणुकीत बटणांचा असतो तो नव्हे. डफासारखं गोल चामडं, त्याला लांब दांडा आणि तारा. जाताना तो ते वाद्य अहिऱ्यांना देऊन गेला. बाकीचं त्यांनी मोबाइलवर बघून बघून शिकून घेतलं. खैरनार शाळेत क्लार्क होते. ते गिटार वाजवतात, गातात आणि मधलं सगळं बोलतात. सॅम्युअल काका शरणपूरचे. चर्चमध्ये व्हायोलिन शिकले, तेच इथे वाजवतात. चौथा विलास, चांदवडचा, कांद्याचा व्यापारी, वयाने या सगळ्यांत लहान आणि अंगाने मोठा. त्याचं वाद्य म्हणजे पत्र्याचा टब पालथा घालून त्याला लावलेली काठी आणि स्कूटरच्या क्लचची वायर. ती वायर ओढली की खर्ज निघतो. चांगला निघतो, हे मला मान्य आहे.

पहिला कार्यक्रम सातपूरच्या एका कॉलनीत, ज्येष्ठ नागरिकांच्या हॉलमध्ये होता. चौघे पांढरे शर्ट आणि गांधी टोप्या घालून एका माईकभोवती अर्धगोल उभे राहिले. हसायचं नाही हा त्यांचा नियम. स्टेजवर चढले की चौघांची तोंडं बँकेत पासबुक भरायला उभं राहिल्यासारखी. खैरनारांनी डोळे मिटले आणि सूर लावला:

दारात उभी होती गं, चांदण्यात न्हाली होती,
किक मारता मारता माझी जवानी गेली होती.

हॉल गप्प. पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळ्यांना पदर लावला. शेजारणीने विचारलं, "कोण गेलं हो?"

"स्कूटर," त्या म्हणाल्या.

तिथून जो हॉल हसायला लागला तो शेवटपर्यंत. स्टेजवरचे चौघे मात्र तसेच, सुतकात असल्यासारखे. मी खुर्चीवर बसून विचार करत होते की हे लोक खरंच दुःखी आहेत की काय.

एका माईकची गंमत मला दुसऱ्या-तिसऱ्या कार्यक्रमाला कळली. मी मिक्सरवर जे हाताने करते ते हे पायाने करतात. ज्याची पाळी तो माईकजवळ येतो, बाकीचे मागे सरतात. गाणारा मागे झाला की व्हायोलिन पुढे, व्हायोलिन निघालं की बँजो आत शिरतो. गिटारचा दांडा, बँजोचा दांडा, व्हायोलिनचा गज, सगळं एकमेकांच्या डोळ्यांपासून वीतभर अंतरावरून फिरतं आणि कुणाला लागत नाही. सराव अहिऱ्यांच्या गच्चीवर चालायचा. बादलीत वाळू भरून त्यात फरशी पुसायचा दांडा उभा केलेला, तो माईक. अहिऱ्यांची बायको सांगायची, "चार म्हातारे माझ्या पोछ्याभोवती फेर धरतात आणि मला खाली फरशी तशीच ठेवावी लागते."

मग एका कार्यक्रमात अहिरे चुकले. खैरनार गात असतानाच ते बँजो घेऊन आत शिरले, धडकले आणि खैरनारांची टोपी उडून पहिल्या रांगेत पडली. लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी राहिले. पुढच्या कार्यक्रमात पुन्हा तेच. त्यानंतर धक्का हा कार्यक्रमाचा भागच झाला. लोक वाट बघायला लागले. पोरं आईला विचारायची, "टोपी कधी पडणार?" बोलावणी वाढली. मनीषा म्हणाली, "अहिरे काका काय ॲक्टिंग करतात ना आई. चेहऱ्यावर रेष नाही."

मला ती ॲक्टिंग वाटत नव्हती. कार्यक्रमाआधी माईक तपासताना मी प्रत्येकाला काही ना काही विचारते. अहिरे समोर असले तर उत्तर देत. पाठमोरे असले तर नाही. मिक्सरपाशी बसलं की माणसांचे पाय दिसतात. अहिऱ्यांचे पाय सुरावर नव्हते. ते खैरनारांच्या तोंडाकडे बघायचे, सॅम्युअल काकांच्या हाताकडे बघायचे आणि मग हलायचे. कुणी मध्ये आलं, दिसलं नाही, की धडक.

खात्री पटली ती मनमाडला. रेल्वेच्या लोकांच्या कॉलनीत दुपारचा कार्यक्रम होता. तिथल्या लोकांसाठी यांनी उशिरा येणाऱ्या गाडीवर गाणं केलं होतं आणि खैरनारांनी स्टेशन मास्तरची म्हणून एक झुपकेदार खोटी मिशी लावली होती. ओठ पूर्ण झाकणारी. गाणं संपलं. तिघे थांबले. अहिरे वाजवतच राहिले. एकटे. मान खाली घालून, मन लावून. लोकांना वाटलं गाडीच थांबत नाही असा विनोद आहे. काय हसले लोक, काही जण शिट्ट्या मारायला लागले. मग अहिऱ्यांनी वर बघितलं. व्हायोलिनचा गज खाली, गिटारवरचा हात खाली, समोर सगळे तोंड उघडून हसताहेत. त्यांनी शेवटची तार छेडली आणि थांबले. चेहरा तसाच, नियमाप्रमाणे. पण मी बाजूने बघत होते. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

परत येताना चांदवडला थांबलो. विलास खैरनारांना आणि सॅम्युअल काकांना आपली कांद्याची चाळ दाखवायला घेऊन गेला. मनीषा टेम्पोच्या टायरात हवा भरायला गेली. टपरीवर मी आणि अहिरे. मला लांबण लावता येत नाही. मी म्हटलं, "अहिरे, तुम्हाला ऐकू येत नाही."

"काय?"

"तुम्हाला ऐकू येत नाही," मी मोठ्याने म्हटलं. चहावाला वळून बघायला लागला. बाकावरचे दोन ड्रायव्हरही.

"मावशी, आवाज बंद करा," अहिरे म्हणाले. "नुसते ओठ हलवा. सावकाश."

मग आम्ही दोघं समोरासमोर बसलो. मी आवाज न करता बोलायचे, ते हळू आवाजात उत्तर द्यायचे. बहिऱ्या माणसाशी गुप्त बोलायची दुसरी कुठली सोय मला माहीत नाही. त्यांनी खिशातून एक डबी काढली. तीत कानाचं मशीन होतं. म्हणाले, "हे घातलं की बँजो पत्र्यावर गारा पडल्यासारखा लागतो. आणि स्पीकरजवळ गेलो की शिट्टी मारतं." ते मला लगेच कळलं. इवल्याशा मशीनमध्ये माईक आणि स्पीकर शेजारी शेजारी. ते किंचाळणार नाही तर काय.

"बाकीच्यांना सांगा," मी ओठ हलवले.

"सांगितलं की काळजी घ्यायला लागतील. अहिरे इकडून, अहिरे जपून. मग धक्का लागला की कुणी हसणार नाही, हळहळतील. हळहळणाऱ्या लोकांपुढे मला वाजवायचं नाही मावशी."

"मग किती दिवस?"

"हसताहेत तोवर."

"मी काय करू?"

"काही करू नका. हात लावू नका म्हणून आम्ही पहिल्याच दिवशी सांगितलं होतं."

तेवढ्यात मनीषा आली. मला बिनआवाजाचं तोंड हलवताना बघून, अर्धांगाचा झटका आला की काय म्हणून घाबरली. "आई, असं काय करताय? बरं वाटतंय ना? हात उचलून दाखवा बरं." मी दोन्ही हात उचलून दाखवले, तेव्हा तिचं समाधान झालं.

हे लिहिण्याआधी मी अहिऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "लिहा. लोक काय बोलतील ते मला कुठे ऐकू येणार आहे."

मनमाडनंतर खैरनारांनी मिशी लावली नाही. नाकाला खाज सुटते म्हणाले. सॅम्युअल काका गाणं संपताना गज एकदम वर न्यायला लागले, झेंडा फडकवल्यासारखा. विलास टब उचलून अहिऱ्यांच्या शेजारी उभा राहायला लागला आणि ठेका धरताना पाय इतक्या जोरात आपटायचा की आमचा माईकचा स्टँड हलायचा. मी दोनदा बोलले त्याला. "सवय हाय मावशी," म्हणाला. मला या कशाचा अर्थ लागला नाही. एवढंच वाटलं की हे लोक जास्तच चढलेत.

मग नाशकातल्याच एका मोठ्या नाट्यगृहातला कार्यक्रम आला. आयोजक देशमुख म्हणून एक गृहस्थ होते. त्यांचा कार्यक्रम, त्यांचंच भाडं, माईक माझे. चार-पाच वेगवेगळे कलाकार, चित्रीकरण, पुढे पुण्या-मुंबईचे लोक बसणार. देशमुखांनी दुपारीच सांगितलं, "मावशी, या बँडला चार माईक. प्रत्येकाला स्वतंत्र. एका रांगेत, तोंड लोकांकडे. मध्ये गोळा होऊन उभे राहिले तर कॅमेऱ्यात पाठी दिसतात." त्यांनी स्टेजवर चिकटपट्टीच्या चार फुल्याही मारून घेतल्या.

मी फुल्यांकडे बघत राहिले. रांगेत उभं राहून लोकांकडे बघायचं म्हणजे अहिऱ्यांना ना खैरनारांचं तोंड दिसणार ना व्हायोलिनचा गज. एका माईकमुळेच ते इतके दिवस टिकले होते, हे मला तेव्हा कळलं. आता सगळ्यांसमोर उघडं पडणार, आणि मनमाडसारखं विनोदात खपणार नाही, कारण रांगेत विनोद नसतो. पण भाडं ज्याचं त्याचं ऐकायचं, हा माझा नियम. आम्ही चार माईक लावले.

संध्याकाळी मी पडद्यामागे वायरी बघत होते. सॅम्युअल काका आले. ते फार सभ्य माणूस. "लीलाबाई, एक विनंती आहे. चार माईक बिघडलेत असं सांगता येईल का?"

"का?"

ते घुटमळले. मग म्हणाले, "अहिऱ्यांना ऐकू येत नाही. मला बरेच दिवस माहीत आहे. मी गज वर करून त्यांना खूण देतो. रांगेत ती दिसणार नाही. पण खैरनारांना आणि विलासला हे कळू देऊ नका. त्यांना माहीत नाही."

ते गेले आणि विलास आला. इकडे तिकडे बघून म्हणाला, "मावशी, एक काम करा. लय उपकार व्हतील. ते चार माईक हायत ना, ते बंद पाडा."

"तुलाही?"

"काय मलाबी?"

"काही नाही. बोल."

"अहिरे काकांला ऐकू येत नाय. म्या जवळ उभा राहून पाय आपटतो, तवा त्यांला फळीतून कळतं. आता चार फुल्या चार टोकाला. पण हे खैरनार सरांना नका सांगू. ते ओरडत्याल. आन् काकांना तर नायच नाय."

मला हसू येत होतं आणि रागही. विलास वळतो न वळतो तोच खैरनार. तेच खैरनार, ज्यांनी मला हात लावू नका म्हणून बजावलं होतं.

"मावशी, आज जरा हात लावा."

"चार माईक बिघडवू?"

ते दचकले. "तुम्हाला कसं कळलं?"

"तुम्ही बोला."

"अहिरे बहिरा झालाय. मनमाडला कळलं मला. मिशी काढली तेव्हापासून तोंड उघडं ठेवून गातो मी त्याच्यासाठी. टोपीही सैल घालतो. तो आत शिरला की मीच टोपी पाडतो, म्हणजे चूक ती चूक राहत नाही. पण बाकीच्या दोघांना यातलं काही माहीत नाही. त्यांना सांगू नका, ते काळजी करत बसतील."

मी म्हटलं, "बरं." दुसरं काय म्हणणार. तिघांनी एकमेकांपासून तीच गोष्ट लपवलेली आणि तिघेही ती माझ्याकडे आणून टाकून गेले. विनोद नेमका कोण कुणावर करत होतं, हे मला कळेना. त्यांना एका ओळीत उभं करून सांगून टाकावं असं वाटलं, पण घंटा व्हायला आली होती. चार जणांचं एकच गुपित सांभाळायचा मला कंटाळा आला आहे. तिघांनी गळ घातली होती तरी मी इथे लिहिते आहे. वाचू दे त्यांना.

शेवटी अहिरे आले. बँजो गळ्यात. "मावशी, चारही माईक चालू आहेत ना?"

मी मान हलवली.

"छान. आज रांगेत उभं राहू दे. कुणाला धक्का लागायला नको. ही पोरं माझ्यापायी एका माईकला चिकटून बसलीत असं मला वाटतं. आज जसं वाजेल तसं वाजेल. मग मी थांबतो. आत्ता त्यांना बोललो नाही, उगाच गाताना गडबडतील. कार्यक्रम झाला की सांगतो."

ते गेले. मी मिक्सरच्या मागे खुर्चीत बसून राहिले. देशमुखांना चार पाहिजेत. अहिऱ्यांना चार पाहिजेत. तिघांना एक पाहिजे. वाजवणारा स्वतः म्हणतो थांबायचं, तर थांबू द्यावं, त्यात आपण कोण. नियम म्हणाल तर देशमुखांचा. आणि आमच्या गाळ्यातला माईक ऐन कार्यक्रमात बंद पडला असं कधी झालेलं नव्हतं. आम्हाला दुसरं नाव नाही, तेवढंच आहे.

मी उठले आणि मिक्सरमध्ये खुपसलेले चारही वायरींचे जॅक मागून अर्धे उपसले. अर्धा बाहेर असला तरी लांबून तो लावल्यासारखाच दिसतो. मनीषाने बघितलं. ती लगेच आत ढकलायला पुढे झाली.

"आई, निघालंय हे."

"राहू दे."

"अहो निघालंय, दिसत नाही का?"

"मला दिसतंय. राहू दे."

ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग हात मागे घेतला. तिने मला कारण विचारलं नाही, पण त्या रात्री जेवतानाही ती माझ्याशी बोलली नाही. पुढे धंदा तिला करायचा आहे. तिचा राग मला मान्य आहे.

पडदा उघडला, चौघे फुल्यांवर उभे, आणि माईक मुके. देशमुख विंगेतून धावत आले. "मावशी, काय आहे हे?"

"बंद पडले."

"निवेदकाचा चालतोय आणि यांचे चारच्या चार गेले?"

"माईकला विचारा," मी म्हटलं. "तो एक द्या त्यांना. त्यांना एकावर येतं."

लोक खोळंबले होते. दुसरा इलाज नव्हता. निवेदकाचा माईक मधोमध आला आणि ते चौघे फुल्या सोडून त्याच्याभोवती गोळा झाले. अहिरे क्षणभर मागेच उभे होते. विलासने टब उचलून त्यांच्या शेजारी ठेवला. सॅम्युअल काकांनी गज उचलला. मग अहिरे आत आले.

स्कूटरचं गाणं झालं. दोन नवी गाणी झाली. अहिरे जिथे शिरायचं तिथे शिरले, निघायचं तिथे निघाले. लोक हसत होते, पण धक्क्याची वाट बघत होते हे मला कळत होतं. शेवटच्या गाण्यात तो लागला. खैरनारांची टोपी उडाली. अख्खं नाट्यगृह उसळलं. आता तो अहिरे चुकून शिरले, की मुद्दाम शिरले, की खैरनारच त्यांच्या वाटेत गेले, हे मी समोर बसून बघूनही सांगू शकत नाही. चौघांची तोंडं दगडासारखी होती.

कार्यक्रम संपल्यावर देशमुख सगळ्यांदेखत म्हणाले, "मावशी, पुढच्या वेळी आपलं जमणार नाही." मी बरं म्हटलं. मनीषा खाली मान घालून वायरी गुंडाळत होती.

अहिरे बँजो पेटीत घालून माझ्यापाशी आले. बाकीचे तिघे दाराशी उभे राहून चहा पीत होते. त्यांना अजून काही सांगितलेलं दिसत नव्हतं.

"मावशी, माईक खरंच बिघडले होते?"

"हो," मी म्हटलं.

ते माझ्या तोंडाकडे बघत राहिले, जरा जास्तच वेळ. आजवर मी गिऱ्हाइकांना पुष्कळ थापा मारल्या असतील, पण त्या त्यांच्या कानांना मारलेल्या. या माणसापुढे ओठ कुठे न्यावेत ते मला कळेना.

"चारही?"

"चारही."

त्यांनी पेटी उचलली आणि पायऱ्या उतरले. खालच्या पायरीवर थांबून मागे वळले.

"पुढच्या महिन्यात सटाण्याला जायचंय," ते म्हणाले. "तोवर दुरुस्त करू नका."